विजेरीचा बल्ब : त्याचे आयुष्य व राखीव बल्बाची आवश्यकता

हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत विजेरीला सर्रास ‘बॅटरी’ असेच म्हणतात. पावसाळ्यात सांजवेळी गोठ्यात डोकावण्यापुरतेच तिचे काम असते असे नाही. कृषिपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज, अशी पाळी महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आली. ही अडचण दूर व्हावी म्हणूनच २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तथापि जेथे रात्रीची पाळी आहे, तेथे गहू, हरभरा, हळद किंवा ऊस यांना पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास ऐन थंडीत मध्यरात्री रानात जावे लागते. बारे मोडताना पाय ओल्या मातीत असतात आणि बांधाच्या गवतात काय आहे हे दिसत नाही. मण्यार हा तर रात्रीच हिंडणारा साप होय. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही व म्हणून ध्यानात येत नाही. घोणस पालापाचोळ्यात निपचित पडून राहते आणि पाय पडला म्हणजेच चावते. अशा वेळी पुढच्या दोन हातांवरील जमीन स्पष्ट दिसणे हाच खरा बचाव असतो, आणि तो बचाव हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका काचेच्या बल्बावर अवलंबून असतो.

आता बाजारात बहुतेक विजेऱ्या एलईडीच्या मिळतात; त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु तारेचा बल्ब असलेल्या जुन्या पितळी विजेऱ्या अद्याप अनेक घरांत आहेत, आणि शाळेतील विज्ञानाच्या पेटीत तर तोच बल्ब असतो. गावात विजेरी बंद पडली की ती पुष्कळदा शिक्षकाच्याच हाती येते. म्हणून हा बल्ब किती काळ टिकतो, तो का जातो आणि विशेषतः नेमक्या अडचणीच्या वेळीच का जातो, हे शिक्षकास नीट सांगता आले पाहिजे.

बल्बाच्या आत टंगस्टन या धातूची केसाहून बारीक अशी तार वेटोळी करून बसविलेली असते. टंगस्टन सुमारे ३४२० अंश सेल्सिअसला वितळतो. एवढा उच्च वितळबिंदू दुसऱ्या कोणत्याही धातूचा नाही. सेलांतील वीज तारेतून वाहू लागली की ती दोन हजार अंशांहून अधिक तापते आणि त्यामुळे प्रकाशते. ती जळून जाऊ नये म्हणून बल्बातील हवा काढून घेतलेली असते, अथवा तिच्या जागी अर्गॉनासारखा निष्क्रिय वायू भरलेला असतो. परंतु इतक्या उष्णतेत धातू न वितळताही त्याचे कण तारेपासून सुटत राहतात. पाण्यास उकळी न येताही ते भांड्यातून आटत असते, त्यासारखाच हा प्रकार समजावा. सुटलेले कण थंड काचेवर जाऊन बसतात. बल्बाची काच आतून काळसर दिसू लागली तर तो धूर नसून तारेचाच झिजलेला अंश होय. हे काळेपण म्हणजे बल्बाच्या उतारवयाची खूण आहे. ती दिसताच बल्ब बदलावा, जाण्याची वाट पाहू नये.

तार सर्वत्र सारखी झिजत नाही. एखाद्या ठिकाणी ती किंचित बारीक झाली की त्या जागी विजेस रोध अधिक होतो, रोधामुळे उष्णता अधिक होते आणि उष्णतेमुळे झीज अधिक होते. असे हे दुष्टचक्र एकाच बिंदूभोवती फिरत राहते. त्यात आणखी एक गोष्ट भर घालते. टंगस्टनचा रोध थंड असताना फारच कमी असतो. तापल्यावर तो दहापट किंवा त्याहूनही वाढतो. म्हणून बटण दाबताक्षणी थंड तारेतून क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. चांगली तार तो धक्का सोसते. जी तार एका जागी बारीक झालेली आहे, तिचा तो भाग इतर तारेच्या आधीच भडकतो आणि तुटतो. पाहणाऱ्यास एक लखकन झळक दिसते आणि अंधार होतो. ‘बॅटरी लावली आणि बल्ब उडाला’ असे गावकरी सांगतो ते शब्दशः खरे असते. विजेरी कोनाड्यात पडून असताना बल्ब सहसा जात नाही; दारात खुसफुस ऐकू आली, बैलाने दावे तोडले, बांधावर काही सळसळले, आणि हात बटणावर गेला, की त्याच क्षणी तो जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. याला गावात दुर्दैव म्हणतात. वास्तविक तो विजेचा साधा नियम आहे.

आता आयुष्याचा हिशेब. घरातील जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सुमारे १००० तास चालावा असे मानले जाई, आणि विजेरीचा बल्बही तसाच टिकत असेल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात उत्पादकांच्या तक्त्यांत विजेरीच्या बल्बांचे आयुष्य तासांच्या एक-दोन आकड्यांत मावते. दोन सेलांच्या विजेरीसाठी असलेला २.३८ व्होल्ट, अर्धा ॲम्पिअर असा एक सर्वपरिचित बल्ब सरासरी १५ तासांचा धरतात, २.३३ व्होल्ट, ०.२७ ॲम्पिअरचा दुसरा १० तासांचा, २.४७ व्होल्ट, ०.३० ॲम्पिअरचा एक प्रकार ३० तासांचा आहे. खिशात पेनासारख्या बसणाऱ्या छोट्या विजेरीत भिंगासारख्या टोकाचा एक बल्ब येतो, त्याचे आयुष्य तर अवघा अर्धा तास! वैद्याने रोग्याचा घसा पाहावा इतकेच त्याचे काम असल्याने कोणाच्या ते लक्षात येत नाही.

पंधरा तास म्हणजे ९०० मिनिटे. रोज दहा मिनिटे विजेरी लावणाऱ्या घरी बल्ब तीन महिने चालेल. हळदीच्या किंवा भुईमुगाच्या रानात रानडुकरांवर नजर ठेवण्यासाठी जो रोज अर्धा तास प्रकाश पाडतो, त्याचा तोच बल्ब महिनाभरात संपेल. हा हिशेब चौथी-पाचवीची मुले सहज करू शकतात. मात्र येथे ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ मुलांना नीट समजावून द्यावा लागेल. सरासरी १५ तास याचा अर्थ प्रत्येक बल्ब १५ तास चालेलच असा नव्हे; एखादा आठ तासांत जाईल, एखादा पंचवीस तास चालेल. म्हणून ‘हा बल्ब नवाच आहे’ एवढ्या भरवशावर राखीव बल्बाशिवाय रात्री रानात जाणे योग्य नाही.

तक्त्यातील आयुष्य खरे ठरते ते बल्बास त्याच्या ठरलेल्या दाबाची वीज मिळाली तरच. या बाबतीत तारेचा बल्ब विलक्षण नाजूक आहे. त्याचे आयुष्य विजेच्या दाबाच्या सुमारे बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, तर प्रकाश सुमारे साडेतीनाव्या घाताच्या सम प्रमाणात वाढतो. घातांकांची भाषा बाजूस ठेवून सांगावयाचे तर असे की, दाब शेकडा १० ने वाढविला तर प्रकाश शेकडा ४० ने वाढतो, पण आयुष्य एक-तृतीयांश उरते. उलट दाब शेकडा १० ने कमी केला तर प्रकाश शेकडा ३० ने घटतो आणि आयुष्य साडेतीन पट होते. अमेरिकेत लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ साली लावलेला एक बल्ब शतकाहून अधिक काळ जळत राहिला, त्याचे मोठे कौतुक होते. त्याची तार कार्बनची आहे आणि ती केवळ निखाऱ्याप्रमाणे लालसर तापते, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. तेवढ्या प्रकाशात पुस्तकही वाचता यावयाचे नाही, मग सापाची गोष्टच नको.

दोन सेलांचा दाब मिळून ३ व्होल्ट होतो. परंतु वीज वाहू लागली की सेलाच्या स्वतःच्या अंतर्गत रोधामुळे तो अडीच व्होल्टांच्या आसपास उतरतो. म्हणूनच दोन सेलांच्या विजेरीच्या बल्बावर २.२ पासून २.५ पर्यंतचा आकडा असतो आणि तीन सेलांच्या बल्बावर ३.५ किंवा ३.८. हा आकडा बल्बाच्या धातूच्या कड्यावर कोरलेला असतो. तो इतका बारीक असतो की दुकानदारही पाहत नाही आणि गिऱ्हाईकही पाहत नाही. तीन सेलांच्या लांब विजेरीत २.५ चा बल्ब बसविला तर आटे बरोबर बसतात, प्रकाश पांढराशुभ्र पडतो, घेणारा खूश होतो आणि काही मिनिटांत बल्ब जातो. मग दोष ‘हलक्या मालाला’ दिला जातो. उलट दोन सेलांत ३.८ चा बल्ब घातला तर तो पिवळा मिणमिणतो. तो वर्षानुवर्षे टिकेल, पण त्याच्या उजेडात मण्यार आणि दोरी यांतला फरक कळणार नाही. उतरलेले सेल वापरीत राहणारा मनुष्य बल्बाचे आयुष्य वाढवीत असतो हे खरे. परंतु ती काटकसर स्वतःच्या पायाला महाग पडणारी आहे.

विजेरीचा बल्ब मुळातच इतका अल्पायुषी का करतात, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. त्याचे एक उत्तर शास्त्रीय आहे. तार जितकी अधिक तापवावी तितका तेवढ्याच विजेपासून अधिक व पांढरा प्रकाश मिळतो. सेलातील वीज ही भिंतीवरच्या तारेतील विजेपेक्षा फार महाग. तेव्हा ती वाया जाऊ नये म्हणून बल्बाचा बळी देणे परवडते. विजेरीचा आरंभही असाच काटकसरीचा होता. १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल याला नळकांड्याच्या विजेरीचे पेटंट मिळाले, त्या वेळी बल्बाची तार कार्बनची व सेल दुबळे असल्याने प्रकाश काही क्षणच टिकत असे. इंग्रजीत तिला ‘फ्लॅश’ म्हणजे क्षणिक झळकीचे नाव पडले ते त्यामुळेच. १९१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार काढण्याची युक्ती साधली आणि विजेरी खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. दुसरे उत्तर व्यापारी आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या १९३२ सालच्या पत्रव्यवहारावरून पुढे असे उघड झाले की, एक बल्ब पूर्वी सेलांच्या तीन संचांइतका टिके, तो दोन संचांवर आणला गेला होता आणि एका संचावर आणण्याचा विचार चालू होता. दोन्ही उत्तरे खरी आहेत. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. ग्राहकाने त्यातून घ्यावयाचा बोध मात्र एकच : दोन-तीन वेळा सेल बदलेपर्यंत बल्ब बदलण्याची वेळही येणारच.

म्हणून राखीव बल्ब. जुन्या पितळी विजेऱ्यांच्या कर्त्यांना हे ठाऊक होते. अनेक विजेऱ्यांच्या बुडाच्या झाकणात, स्प्रिंगच्या आत, एक बल्ब बसेल एवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती बहुतेक घरांत रिकामी असते. किंबहुना ती कशासाठी आहे हेच कित्येकांना माहीत नसते. राखीव बल्ब घरातील फळीवर असेल तर रानातल्या अंधारात त्याचा काही उपयोग नाही. तो विजेरीतच असला पाहिजे. ज्या विजेरीत अशी जागा नाही, तिच्या धन्याने बल्ब कापसात गुंडाळून एखाद्या छोट्या डबीत ठेवावा आणि डबी नेहमी खिशात असावी. कापसाची या जिल्ह्यात कमतरता नाही.

राखीव बल्ब ठेवण्यापूर्वी तो एकदा विजेरीत लावून पाहावा. न तपासलेला बल्ब हा राखीव नव्हे, तो केवळ काचेचा मणी. दुकानातून येईपर्यंत तार तुटलेली असू शकते, आकडा चुकीचा असू शकतो, आटे न जुळणारे असू शकतात, कारण काही बल्ब आट्यांचे असतात, तर काहींना आट्यांऐवजी सपाट गोल कडे असते. शिवाय अंधारात, एका हाताने, केवळ स्पर्शाने बल्ब बदलण्याचा सराव दोन-तीनदा तरी करून ठेवावा. पुढचे झाकण फिरवून काढताच काच, वाटी व बल्ब असे तीन जिन्नस हातात येतात, आणि एखादा चिखलात पडला तर सापडत नाही. खाली बसून, मांडीवर उपरणे किंवा रुमाल पसरून हे काम करावे, हे जुन्या जागल्यांना कोणी शिकवावे लागत नसे. विजेरी लावलेली असताना ती आपटू देऊ नये. तापलेली तार मऊ असते व वाकते, आणि पुष्कळ वापरलेली तार थंडपणीही ठिसूळ झालेली असते. सायकलच्या दांड्याला विजेरी बांधून खडबडीत वाटेने जाणाऱ्याचा बल्ब लवकर जातो.

प्रत्येक वेळी दोष बल्बाचाच असतो असे मात्र नाही. एक सुटा सेल व वीतभर तार घ्यावी. तारेचे एक टोक सेलाच्या बुडाला आणि दुसरे बल्बाच्या धातूच्या कड्याला लावावे, व बल्बाचे बूड सेलाच्या वरच्या टोपीवर टेकवावे. बल्ब तांबूस का होईना लागला तर तो निर्दोष आहे. मग दोष स्प्रिंगवरच्या गंजात, बटणाखालच्या पट्टीत किंवा सेलातून पाझरलेल्या द्रवात शोधावा. गंज व मळ बारीक काचकागदाने किंवा खरखरीत कापडाने घासला की निम्म्या विजेऱ्या पुन्हा लागतात. उतरलेले सेल आत तसेच ठेवू नयेत. त्यांचे जस्ताचे कवच खाल्ले जाऊन फुटते आणि पाझरलेला द्रव पितळेस व स्प्रिंगेस कायमचा खराब करतो.

एलईडीने या सर्व हिशेबास निराळे वळण दिले आहे. त्यात तार नाही, त्यामुळे तुटण्यासारखे काही नाही. अर्धवाहक स्फटिकातून वीज जाताना सरळ प्रकाश निघतो. निळा प्रकाश देणारा एलईडी साधल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, कारण त्यातूनच पांढरा दिवा शक्य झाला. चांगला एलईडी हजारो तास चालतो. परंतु यामुळे राखीव ठेवण्याची गरज संपली असे समजणे चूक ठरेल. ती बल्बावरून विजेरीवर गेली, इतकेच. चार्जिंगच्या स्वस्त विजेरीत दिवा अखेरपर्यंत शाबूत राहतो आणि आतील बॅटरी, बटण किंवा चार्जिंगचे छिद्र आधी निकामी होते, व यांपैकी काहीही रानात बदलता येत नाही. आत शिशाची बॅटरी असेल तर ती उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने ठेवल्यास मरते. म्हणून वापर असो वा नसो, महिन्यातून एकदा तिचे चार्जिंग करावे. वादळाने दोन-तीन दिवस वीज गेली तर चार्जिंगच्या विजेरीस पुन्हा जीव देणार कोण? अशा घरी साध्या सेलांवर चालणारी एक लहान विजेरी जवळ असावी. जुन्या विजेरीत तारेच्या बल्बाच्या जागी बसणारे एलईडी बल्बही मिळतात. त्यांत सेल उलटे घातले तर दिवा लागत नाही, तारेचा बल्ब मात्र कसाही लागतो; हा फरक मुलांना प्रत्यक्ष दाखविण्याजोगा आहे.

शाळेच्या कपाटातही एक विजेरी, सेलांचा एक जोड व दोन तपासलेले बल्ब असणे इष्ट आहे. निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकास आदल्या दिवसापासून दूरच्या मतदान केंद्रावर मुक्काम करावा लागतो, तेव्हा तिची आठवण होते. याहून गंभीर कारणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास, अंधारात झाला, आणि पडलेल्या घरांतील माणसे शोधण्यासाठी पहिला तास-दीड तास ज्याच्या हाती जो उजेड होता तोच कामी आला. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के जाणवले. ते सकाळी आले, एवढीच सवलत मिळाली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना तर जमिनीखालील गडगडाट वर्षानुवर्षे परिचित आहे. तेथील शाळांत विजेरी कपाटात कुलूपबंद न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर असावी.

वर्गात हा विषय घेताना बल्बाचा तक्ता पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आधी एका सेलावर व मग दोन सेलांवर तोच बल्ब लावून दाखवावा. रंग तांबड्यावरून पांढरा होताना मुलांना तारेचे तापमान जणू डोळ्यांनी मोजता येते. एखादा गेलेला बल्ब भिंगाखाली धरला तर तुटलेल्या टोकाला वितळलेल्या धातूचा बारीक गोळा काही वेळा दिसतो. नंतर प्रत्येक मुलाने घरी जाऊन आपल्या विजेरीत किती सेल आहेत, बल्बाच्या कड्यावर कोणता आकडा आहे आणि बुडाच्या झाकणात काही ठेवले आहे काय, या तीन गोष्टी वहीत लिहून आणाव्यात. बारीक आकडा वाचण्यास आजोबांचा चष्मा किंवा शाळेतील भिंग चालेल. ज्या घरी तीन सेलांच्या विजेरीत २.५ चा बल्ब आढळेल, आणि त्या आठवड्यात पाण्याची पाळी रात्रीची असेल, त्या घरी मुलाबरोबर निरोप त्याच दिवशी धाडावा.